थोडं ओढतंय

हेअर एक्स्टेन्शन काढताना नेहाच्या कानामागची एक बट तिच्या स्वतःच्या केसांसकट माझ्या हातात आली. खाली रुपयाएवढी गुळगुळीत जागा. तिच्या लग्नाआधी ती बट मीच लावली होती. "ताई, इथं थोडं ओढतंय," ती तेव्हा म्हणाली होती. "दोन दिवसांत सवय होईल," मी म्हणाले. सोडवून सैल लावायला पाच मिनिटं लागली असती. पण पार्लरच्या बाकावर दुसरी नवरी थांबली होती.

कितीही दुखलं तरी आपण बायका ‘थोडं दुखतंय’ एवढंच सांगतो. चपलेनं टाच सोलवटली तरी मीही ‘थोडं लागलंय’ असंच म्हणते. मला तरी कळायला हवं होतं.

"माझेच केस नाजूक आहेत ना, ताई?" नेहानं समोरच्या आरशातून विचारलं.

"हो गं," मी म्हटलं, आणि मागची बाजू दाखवायचा छोटा आरसा उचललाच नाही.