टेपचं दुसरं टोक

नव्वद साली बनशंकरीतलं घर विकायला काढलं, तेव्हा किंमत ठरवायला एक गृहस्थ आले. निपाणीकडचे असावेत, मराठी बोलताना मध्येच कानडी 'सरी', म्हणजे 'ठीक', म्हणत. प्रत्येक भिंतीवर बोटाने टकटक करून कान लावत. खोल्या मोजताना त्यांच्या टेपचं दुसरं टोक मी धरलं. आमचे हे गेल्यापासून घरात दुसरं कुणी नव्हतंच.

"अक्का, भाडेकरू असला की भाव पडतो," ते म्हणाले. "रिकाम्या घराला चांगला येतो."

मग त्यांनी पुन्हा एकदा सगळ्या खोल्या पाहिल्या. स्वयंपाकघरात एकच ताट पालथं घातलेलं होतं. त्याकडे बघत ते मायेने म्हणाले, "सरी. हे रिकामंच धरतो."

भाव खरंच चांगला आला. पण ते असं म्हणाले, तेव्हा मी त्यांच्यासमोर चहाचा कप घेऊन उभी होते.