तिसरा पुकारा

शेजारचा पुकारेवाला वारला तेव्हा पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरच्या लक्षात आलं, की भिंतीला भिंत लावून इतकी वर्षं काढली, पण आपली या माणसाशी ओळख अशी नव्हतीच. कोर्टाच्या दारात उभं राहून पक्षकारांची नावं पुकारायची, हे त्याचं काम. घरी मात्र तो कुजबुजल्यासारखा बोलायचा. त्याची बायको म्हणायची, "सगळा आवाज सरकारला विकलाय. आमच्या वाट्याला नुसता खोकला."

बाइंडरने तो आवाज ऐकला एकदाच. घरमालकाने बाइंडरच्या वहिनीवर त्याच इमारतीतली तिची खोली खाली करण्याचा दावा लावला होता. भाऊ गेल्यापासून तिला तेवढाच आसरा. बाइंडर तिला घेऊन कोर्टात गेला. पुकारेवाल्याने तिचा कागद बघून दोघांना बाकावर बसवलं. दोघं कान टवकारून बसले. नाव आलं की उठायचं.

पण पुकाराच बंद झाला होता! घर खाली करण्याचे दावे आता झटपट उरकायचे, म्हणून भिंतीवर विजेचा पडदा लावला होता. त्यावर दाव्याचा नंबर चमकायचा नि विझायचा. माणूस उठला नाही तर गैरहजर, हुकूम मालकाच्या बाजूने. समोर बाकावर बसलेली माणसं गैरहजर! हा काय न्याय झाला? पूर्वी नाव तीनदा पुकारलं जायचं. कुणी जिन्यात धापा टाकत असेल, तर पुकारेवाला तिसरा पुकारा लांबवायचा. आता त्याला पाण्याच्या पिंपाजवळ उभा केला होता.

वहिनीच्या दाव्याचा नंबर चमकला. वहिनी दाराकडेच बघत बसलेली.

आणि पुकारेवाल्याने तिचं नाव पुकारलं. आडनावासकट, तीनदा. खिडकीच्या काचा थरथरल्या.

कारकून धावत आला. "काका, तोंड बंद! नवा नियम माहीत नाही?"

"तोंड बंद ठेवायचा पगार घेत नाही मी! बाई धडधडीत समोर बसलीय. पडद्याला डोळे नाहीत, तुला तरी आहेत ना?"

वहिनी आत गेली. तिचं म्हणणं ऐकून घ्यावं लागलं, म्हणूनच पुढे खोली राहिली. पुकारेवाल्याला मात्र तळघरात गठ्ठे बांधायला धाडलं. का, तर शिस्तभंग! तिथल्या धुळीने त्याची छाती पार धरली. आठवलं की बाइंडरच्या मुठी अजून आवळतात.

तो गेला त्याच्या आदल्या दिवशी दोघं जिन्यात भेटले.

"वहिनींचं दार खाली घासतंय," तो कुजबुजला. "सुताराला बोलवा."

"बोलावतो की."

"बोलावतो नको. उद्याच बोलवा."

"बरं."