पहिल्या वेच्याचा मान

मुकुटबनच्या अलीकडं एका गावात मारोतरावांची दहा एकर काळी जमीन आहे, आणि ती जमीन ज्यांच्या जिवावर चालते त्या म्हणजे त्यांची बायको, इंदुताई. कापूस वेचावा तर इंदुताईनं, असं गावातल्या बायाच म्हणत. बोंडातून कापूस असा अलगद काढायच्या की त्याला वाळल्या पत्तीचा कण चिकटेल तर शपथ.

त्यांच्याकडं सीतादही केल्याशिवाय वेचाईला हात लागत नाही. कपाशी फुटली की घरची बाई दहीभात घेऊन वावरात जाते, पाच खडे मांडून सीतामायची पूजा करते, चारी दिशांना दहीभात टाकते आणि पहिली ओंजळ स्वतः वेचते. दहीभातासारखं पांढरंशुभ्र वावर फुटावं म्हणून. त्या पहिल्या कापसाच्या वाती मग दिवाळीत देवापुढं लागतात. हा मान आधी सासूचा, तानाबाईचा होता. त्यांचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी ताट इंदुताईच्या हाती दिलं. त्याला सोळा वर्षं झाली. इंदुताईला सोनं मिळालं नाही, तालुक्याच्या पलीकडचं गाव बघायला मिळालं नाही, पण वर्षातून एक सकाळ त्यांची होती.

आणि यंदा पुण्याहून जाऊ आली.

प्रफुल्ल, मारोतरावांचा धाकटा भाऊ, आणि त्याची बायको समीक्षा. चांगला फ्लॅट, चांगल्या नोकऱ्या, सगळं सोडून चैत्रात गावी राहायला आले. कायले, तर म्हणे शांतता पाहिजे!

"शांतता म्हणे!" इंदुताई चुलीतलं लाकूड ढोसत पुटपुटल्या. "मंग आमी काय इथं डफडं वाजवून राह्यलो होतो काय?"

दुरून डोंगर साजरे, चार महिन्यांत पळतील, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. पण समीक्षा पळाली नाही. ती शेण काढायला शिकली. वाकडीतिकडी भाकर थापायला शिकली. आणि त्या करपलेल्या भाकरीचा तुकडा मोडून तानाबाई म्हणाल्या, "वा वो माय! पुण्याची पोरगी, पन कशी हात घालते पाह्य सगळ्यात!"

इंदुताईनं वीस वर्षं भाकरी थापल्या होत्या. वा सोडा, मीठ कमी झालं तेवढंच ऐकलं होतं. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय!

समीक्षानं दूध काढलं की प्रफुल्ल मोबाईलवर फोटो काढायचा. शेजारच्या बाया येऊन बसायच्या, 'पुण्याची सून' बघायला. तिचं बोलणं गोड, ऐटही नव्हती, आणि त्याचाच इंदुताईला जास्त राग यायचा. ती नकचढी असती तर बरं झालं असतं, मनसोक्त शिव्या तरी देता आल्या असत्या. ती उलट "ताई, हे कसं करायचं? ताई, ते दाखवा ना" करत मागंमागं फिरायची. इंदुताई दाखवायच्या आणि आतून धुमसायच्या.

कारण एक गोष्ट त्या विसरल्या नव्हत्या. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी मारोतरावांना यवतमाळला नोकरी लागत होती. इंदुताईनं तर पेटीत कपडेही भरले होते. पण सासरे खाटेवर पडले, प्रफुल्लचं कॉलेज राहिलं होतं, कोणीतरी वावर सांभाळायला पाहिजे होतं. पेटी परत माळ्यावर गेली. हे दोघं मागं राहिले म्हणून प्रफुल्ल पुण्याला जाऊ शकला. आणि आता तोच शहराला कंटाळून आला होता, आणि सारं गाव त्याचं न त्याच्या बायकोचं कौतुक करत होतं! शहर बी तिचंच, न आता वावर बी तिचंच? मंग माह्यं काय?

दसरा झाला, कपाशी फुटली. संध्याकाळी तानाबाई सहज बोलल्यागत म्हणाल्या, "इंदे, औंदा सीतादही समीक्षाले करू दे. तिले हौस आहे. तुह्यं तं दरसालचंच आहे."

इंदुताईच्या हातातली कोथिंबीर तशीच राहिली. त्या "बरं, आत्याबाई" म्हणाल्या. त्या रात्री त्यांनी जेवणाला हात लावला नाही, आणि कोणी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच प्रफुल्ल आणि समीक्षा वावरात गेले. कोवळ्या उन्हात फोटो चांगले येतात म्हणे. इंदुताई मागून दहीभाताचा डबा घेऊन पोचल्या तोवर पूजा आटोपलीही होती, समीक्षानं घरूनच वाटीभर दहीभात नेला होता. धुऱ्यावर, बांधावरच्या बाभळीजवळ त्या थांबल्या. समोर समीक्षा कमरेला कापसासाठी नवी ओटी बांधून वेचत होती. एक ओंजळ नाही, भराभर, ओळीच्या ओळी. प्रफुल्लनं एक गाठोडं भरून बांधलंही होतं.

आणि दव पडलेलं होतं. आमच्याकडं त्याला दहिवर म्हणतात. बोंडं नुसती निथळत होती. दहिवर वाळल्याशिवाय कापसाला हात लावू नये, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. ओला कापूस दाबून ठेवला की आतून तापतो, पिवळा पडतो, कुबट वास मारतो. म्हणून तर वेचणाऱ्या बाया ऊन चढल्यावर येतात.

'अवो, थांबा!' एवढंच बोलायचं होतं. शब्द अगदी जिभेवर आला होता. पण तेवढ्यात समीक्षा कापसाची ओंजळ मोबाईलपुढं धरून हसली. हौस आहे ना? कर मंग हौस! त्या मूग गिळून उभ्या राहिल्या. मग डबा घेऊन तशाच घरी आल्या.

दोन गाठोडी घरी आली. प्रफुल्लनं पायानं दाबून दाबून पोत्यात भरली आणि कोठ्यात ठेवली. त्या वेळीही इंदुताई अंगणातच होत्या.

आठ दिवसांनी वाती वळायला म्हणून तानाबाईनं पोतं सोडायला लावलं. आत हात घातला आणि त्या ओरडल्याच. कापूस गरम लागत होता, रंग हळदीसारखा, आणि असा वास सुटला की मारोतरावांनी नाकाला गमछा लावला.

"दहिवरात वेचला काय रे, बैताडा?" मारोतराव भावावर खेकसले.

तानाबाई तर खालीच बसल्या. "सीतामायचा कापूस नासला वो माय! आता देवापुढं कायच्या वाती लावू?" मग समीक्षाकडं न बघता म्हणाल्या, "वरच्या वावरातली कपाशी अजून हात न लावलेली आहे. उद्या इंदूच करन सीतादही. न पुढंबी तिच करन. तिच्या हाताची सर कोनाले नाही."

सोळा वर्षांत ऐकलं नव्हतं ते वाक्य. चार माणसांसमोर. इंदुताईला आनंद झाला, खोटं कशाला बोला! पण समीक्षा मान खाली घालून उभी होती. तिनं ते पोतं एकटीनं ओढत उकिरड्याकडं नेलं.

सकाळी इंदुताई ताट घेऊन वरच्या वावरात निघाल्या. समीक्षा पाण्याची कळशी घेऊन मागं आली. कोणी तिला बोलावलं नव्हतं. पाच खडे मांडून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "ताई, त्या दिवशी तुम्ही धुऱ्यावर होतात ना? बाभळीपाशी."

इंदुताईचा हात दहीभातातच राहिला. "तू पाह्यलं होतं?"

"हो. तुम्ही काही बोलल्या नाहीत, म्हणून मला वाटलं, बरोबर चाललंय आपलं. ताई उभ्या आहेत, चुकलं तर सांगतील. म्हणून तर दुसरं गाठोडं भरलं."

"मंग काल आत्याबाईले काहून नाही सांगतलं?"

"काय सांगू? वेचलं तर मीच."

हेही गिळून टाकणं सोपं होतं, इंदुताईला सवय होती. पण त्या बोलल्या. "मले समजत होतं, समीक्षा. मुद्दाम गप राह्यली मी. जळत होती तुह्यावर. आताबी जळतो जीव, नाही म्हनत नाही."

समीक्षाचे डोळे भरले, आणि ते रागानं की दुःखानं, हे इंदुताईला कळलं नाही. तिनं कळशी खाली ठेवली, पदर खोचला आणि चार ओळी पलीकडं जाऊन उभी राहिली. एका फुटलेल्या बोंडाकडं तिचा हात गेला आणि थांबला.

"वेचू का?" तिनं विचारलं. आवाजात आधीचा गोडवा नव्हता, आणि 'ताई'ही नव्हतं.

इंदुताईनं जवळच्या बोंडाला बोट लावलं. बोट ओलं झालं.

"थांब," त्या म्हणाल्या. "अजून दहिवर आहे."

मग दोघी आपापल्या ओळीत उभ्या राहून ऊन चढायची वाट बघत राहिल्या.