जेवायला जाताना लॉक केलेली स्क्रीन

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. बहिणीला नाही. देवापुढे हात जोडतानाही नाही — तिथे तर मी शहाण्यासारखी मुलांच्या परीक्षांचंच बोलते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही छायाला ओळखत नाही.

तशी गोष्ट ऐकायला किरकोळ आहे. मी कॉम्प्युटरची स्क्रीन लॉक करून जेवायला गेले. बस, एवढंच. बँकेत, कचेरीत सगळेच करतात. मग माझ्याच घशात हे इतकी वर्षं का अडकलं आहे?

ब्रह्मपुरीत एका फ्लेक्सच्या दुकानात मी बॅनर बनवायची. दिवाळी उरकली की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई, म्हणजे गावची जत्राच, भरते. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, आणि रात्री नाटक. त्या नाटकाचं बॅनर जीपला बांधायचं, वर भोंगा लावायचा आणि आजूबाजूच्या गावांतून फिरवायचं. हंगामात आम्हाला मान वर करायला फुरसत नसे. गिऱ्हाईक स्टूल ओढून अगदी शेजारी बसायचं आणि बोट दाखवून सांगायचं — हिरोईन मोठी करा, व्हिलनचे डोळे अजून लाल करा.

छाया वैनगंगेकडच्या एका खेड्यातून यायची. बारावी झालेली, अंगाने काटकुळी. माऊस धरण्यापासून सगळं मीच शिकवलं तिला. ताई ताई करत मागे असायची, माझा पाण्याचा ग्लास न सांगता भरून ठेवायची. आणि बघता बघता ती माझ्यापुढे गेली. मी बॅनरवर नावं कोंबायची. ती जागा मोकळी सोडायची, आणि तिचं बॅनर रस्त्यापलीकडून वाचता यायचं. मंडळी आत यायची, मला नमस्कार करायची आणि स्टूल तिच्या बाजूला ओढायची. कुणाला राग येणार नाही सांगा? — बघा, लगेच निमित्त शोधायला लागले. राग मला आला. लोकांचं काय विचारायचं.

छपाईचं मशीन माझ्या कॉम्प्युटरला जोडलेलं होतं. आधी त्यावर कुणीही बसायचं. मग मालकांच्या, म्हणजे प्रकाशभाऊंच्या, पुतण्याने मला एकदा दोन बटणं दाखवली — ती दाबली की स्क्रीन बंद, पासवर्ड टाकल्याशिवाय उघडायची नाही. व्हायरस येतो म्हणून, असं सांगून मी पासवर्ड घातला. तेव्हापासून मी नुसती चहाला उठले तरी ती दोन बटणं दाबायची. छाया माझ्या खुर्चीमागे उभी राहून मी येईपर्यंत वाट बघायची. ते बघून मला बरं वाटायचं. हेही सांगूनच टाकते.

मग तिच्या स्वतःच्या गावची मंडई आली. तिचे वडील नाटकाच्या मंडळात होते. बॅनर आमची छाया बनवते, असं गावभर सांगून त्यांनीच ते काम आमच्याकडे आणलं होतं. शेजारच्या गावातही त्याच रात्री नाटक होतं. म्हणून त्या दुपारी जीप आठवडी बाजारात फिरणं फार गरजेचं होतं — लोकांनी कुठे जायचं, ते बाजारातच ठरतं. छायाने सकाळीच बॅनर पुरं करून माझ्या कॉम्प्युटरवर टाकलं. फक्त छापायचं बाकी. प्रकाशभाऊ माल आणायला नागपूरला गेलेले. गावची पोरं जीप घेऊन दुपारी येणार, हे मला माहीत होतं.

आणि मी ती दोन बटणं दाबली. आलेच जेवून, म्हटलं.

घर मागच्याच गल्लीत, पण दुकान उघडं टाकून छायाला बोलवायला येता येणार नव्हतं, हे मला माहीत होतं. मी भात वाढून घेतला. खाटेवरचा फोन वाजला — छाया. मी बघत राहिले. थांबला, परत वाजला. मी तो पालथा घातला. काय हवं होतं मला? एकदा तरी सगळ्यांनी ताटकळावं, माझ्यावाचून इथे पान हलत नाही हे कळावं — एवढंच? एवढ्यासाठी? मी जेवले. मग भांडी घासली. जी स्वच्छ होती तीसुद्धा घासली.

परत गेले तेव्हा जीप निघून गेली होती, बॅनरशिवाय. त्या रात्री त्यांचा मंडप अर्धा रिकामा राहिला. लोक शेजारच्या गावात गेले. मंडळाने छायाच्या वडिलांना चारचौघांत नको नको ते ऐकवलं.

पण मला जे सांगायचं आहे ते हे नाही. ते संध्याकाळी झालं.

प्रकाशभाऊ आले आणि थेट मलाच विचारलं, "काऊन, हिले पासवर्ड सांगतला नव्हता का तुमी?"

सांगितला नव्हताच. कधीच नाही. खरं बोलायला एक शब्द पुरला असता. मी म्हटलं, "सांगतला होता ना. ते फोटो कापत होती तवा. मान डोलावली तिनं."

काम करताना छाया तशीच होती — डोळे स्क्रीनवर, कुणी काही म्हटलं की मान हलवणार. हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी ते बोलले. मला वाटलं, आता ती भांडेल. भांडली असती तर मी कदाचित... माहीत नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, खूप आठवून पाहिलं, आणि म्हणाली, "मंग मीच इसरली असन."

तिने माझ्यावर विश्वास ठेवला. स्वतःवर नाही ठेवला.

प्रकाशभाऊंनी तिला काढलं नाही. पण मशीनला हात लावू नको म्हणाले. ती माल गुंडाळायची, झाडू मारायची. मग एक दिवस यायची थांबली. मी तिला निरोपही पाठवला नाही.

मागच्या उन्हाळ्यात एका लग्नाला छायाच्या सासरच्या गावाला गेले होते. छायानेच हात धरून घरी नेलं, चहा टाकला. तिची मुलगी दहावी झालेली. तिला कॉम्प्युटरच्या क्लासला घालायचं घरात चाललं होतं. नवरा म्हणत होता, घालू. छाया हसली.

"नाई जमत आमच्या डोस्क्याले ते. ताईनं सांगतलेला एक पासवर्ड मले ध्यानात ठेवता आला नाई. इचारा ताईले."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मुलीनेही पाहिलं. सांगायची वेळ याहून चांगली कुठली असते? मी म्हटलं, "जाऊ दे गं, जुनं झालं ते."

म्हणजे मी तिला माफ केलं. ऐकता आहात ना? मी, तिला. आणि तिला ते बरं वाटलं. निघताना तिने पिशवीभर घरचे तांदूळ दिले, आणि मी ते घेतले.

मुलीला क्लासला घातलं नाही, असं नंतर कळलं.

छाया काहीच विसरली नव्हती. विसरायला मी तिला काही सांगितलंच नव्हतं.