गोंचिगची एकोणसत्तर

सकाळी गोंचिगला हाक मारली की उत्तर बॉनेटखालून यायचं, आणि तेही सरळ नाही. "मेलो नाही अजून! काय हवंय?" उंच, खांद्यात वाकलेला माणूस. नखांतलं ग्रीस लेकीच्या लग्नातसुद्धा निघालं नव्हतं. उभी हयात सामुदायिक पशुसंघाच्या गाड्या हाकण्यात गेली, संघ मोडल्यावर शाळेचा कोळशाचा ट्रक. आमच्या मुलखात अशी एक खिंड नसेल जिथं त्यानं गाडीखाली पाठ टेकली नाही. ट्रक सुटला, पेन्शन लागली, तेव्हा लोकांना वाटलं, आता तरी हा माणूस आपल्या गोल तंबूत, गेरमध्ये बसून चहा पिईल. कसलं काय!

लोकरीच्या जुन्या गोदामामागे संघाची एक जीप कित्येक वर्षं पडून होती. या रशियन जीपला आमच्याकडे एकोणसत्तर म्हणतात. का म्हणतात ते विचारू नका, घोड्याला घोडा का म्हणतात? काचा फुटलेल्या, टायर गेलेले, टपावर शेळ्या ऊन खात बसायच्या. गोंचिगनं शेजारच्या शिरचिनचे दोन उंट जुंपले आणि ती भर गावातून ओढत आपल्या कुंपणात आणली. अख्खा गाव बघायला. शिरचिन उंटावर बसून ओरडत होता, "सरका, सरका! साहेबांची गाडी येतेय!"

दारात त्याची बायको, त्सेवेलमा, कमरेवर हात ठेवून उभी होती. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं आयुष्यभर दोनशे पोरांना दटावून जेवू घातलं होतं, नवरा काय चीज!

"चांगला घोडा मेला तर त्याची कवटी नेऊन टेकडीवर ठेवतात," ती म्हणाली. "आमचा म्हातारा सांगाडा घरी आणतोय. कर्म माझं!"

"सांगाडा नाही, आजारी आहे ती," गोंचिग म्हणाला. "उभी करतो की नाही बघ."

"कर उभी. आणि उभी राहिली तर मला तेसला ने. तेसचं पाणी एकदा प्यायचंय मला. मग खुशाल शेळ्या पाळ तिच्यात."

ती हसत म्हणाली, पण गोंचिग हसला नाही. तेस म्हणजे उत्तरेकडची नदी, त्सेवेलमाचं माहेर. खिंडीपलीकडे, नद्या-नाले आणि दलदल ओलांडून. लग्न होऊन थोडी वर्षं झाली होती तेव्हा तिकडून निरोप आला, आई शेवटच्या घटका मोजतेय. गोंचिगनं संघाची गाडी मागून घेतली, धड न बघता निघाला, आणि खिंडीत पाण्याचा पंप फुटला. तीन दिवस दोघं बर्फात बसून होती. चौथ्या दिवशी पलीकडून माणसं आली, त्यांनी सांगितलं की सगळं आटोपलं, आता जाऊन काही उपयोग नाही. त्सेवेलमा त्याला त्यावरून एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून त्यानं कानाला खडा लावला, गाडी शंभर टक्के ठीक झाल्याशिवाय तिला त्या वाटेवर न्यायचं नाही.

तर ही एकोणसत्तर त्यासाठी होती. गावाला वाटायचं म्हाताऱ्याला खूळ लागलंय.

इंजिन उघडलं तर आत उंदरांची तीन पिढ्यांची वस्ती. पिस्टनच्या रिंगा एका मेलेल्या ट्रकमधून काढल्या. पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांपैकी दोन तुटलेले, ते तापवून, ठोकून पुन्हा वाकवले. तेल गळायचं तिथं रशियन सील मिळेना, तर त्सेवेलमानं स्वतः नमदा, लोकरीचा दाबलेला थर, दाट कुटून दिला आणि त्याच्या गोल चकत्या बसवल्या. पाण्याच्या पंपात चामड्याचा वॉशर हवा होता, तो गोंचिगच्या हिवाळी बुटातून निघाला. मग अख्खा हिवाळा हा माणूस एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात शिरचिनचा जुना जोडा घालून फिरला, आणि वर लोकांनाच विचारायचा, "काय बघतोस रे?"

त्सेवेलमा टोमणे मारायची, पण शिवणही तिचंच. इंजिनाला थंडीत पांघरायला तिनं जाड गोधडी शिवली. शिवता शिवता म्हणायची, "मला अंगात घालायला नवा डेल शिवायचा म्हटलं तर कापड नसतं. हिला मात्र अस्तरासकट!"

"ती तुझ्यासारखी बडबड करत नाही."

"चालू कर, मग बघते कशी करत नाही ते."

पुढच्या शरदात ती चालू झाली. इंजिनाखाली शेणींचा विस्तव ठेवून तेल पातळ केलं, गोंचिगनं पुढून हँडल फिरवलं, एकदा, दोनदा, दहादा, आणि एकदम भसकन काळा धूर आला. कुत्री पळाली. त्सेवेलमा पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "अगं बाई! जिवंत झाली की गं!" तोंड फिरवून तिनं डोळे पुसले. गालावर पीठ लागलं. एवढ्या वर्षांत गोंचिगला आपली बायको इतकी आवडली नव्हती.

पण खिंडीत बर्फ पडलेलं. शहाणा माणूस तेव्हा तिकडे जात नाही.

त्या हिवाळ्यात त्सेवेलमाचे डोळे पिवळे झाले. अन्नावरची वासना उडाली. वसंतात शहरातून लेक आली, आईला जिल्ह्याच्या इस्पितळात घेऊन गेली, परत आणली. कुंपणापाशी बापाला बाजूला घेऊन ती म्हणाली, "बाबा, यकृतच गेलंय. डॉक्टर म्हणाले, तिला जे हवं असेल ते करा."

"काय हवंय तिला?" गोंचिगनं विचारलं. जसं काही त्याला माहीतच नव्हतं.

"ते तुम्हालाच माहीत," लेक म्हणाली, आणि नोकरीवर परत गेली.

आता आमच्याकडची एक गोष्ट सांगायला हवी. वाटेवर निघणाऱ्याला कधी निघणार, कधी पोचणार असं विचारायचं नसतं. ड्रायव्हरला तर मुळीच नाही. डोंगरांचे धनी, तिथले देव, ऐकत असतात, वेळ सांगितली की वाटेत आडवे येतात. गोंचिगच्या गाडीत बसून कुणी "किती राहिलं हो?" असं विचारलं तर तो गाडी थांबवून त्याला उतरवायचा, एकदा तर शाळेच्या हेडमास्तरांनाच उतरवलं होतं. त्सेवेलमा ड्रायव्हरची बायको. तिनं जन्मात विचारलं नव्हतं.

म्हणून ती ताकाला जाऊन भांडं लपवायची. खाटेवरून विचारायची, "कशी आहे तुझ्या लाडकीची तब्येत?"

"बरी आहे. ब्रेक थोडे जड आहेत. तुझी?"

"माझेही ब्रेक जड आहेत," ती म्हणायची. दोघं हसायची, आणि दोघांच्याही मनात तेस असायची. तिथवर जायचं ते मात्र कुणी बोलायचं नाही.

उन्हाळा लागला. नद्यांचं पाणी उतरलं, वाट मोकळी झाली. गाडी गावभर फिरत होती, विहिरीवर जात होती, एकदा तर शिरचिनचा ट्रक चिखलातून ओढून काढला. शिरचिन म्हणाला, "आख, आता कशाची वाट बघताय? घाला वहिनीला आत आणि चला. मी येतो सोबत." आख म्हणजे थोरला भाऊ, शिरचिन त्याला तसंच म्हणायचा.

"गिअरबॉक्समध्ये आवाज येतोय," गोंचिग म्हणाला.

"मला नाही येत ऐकू."

"तुला तुझा उंट ओरडला तरी येत नाही ऐकू!"

आवाज होता, खोटं नाही. बारीक होता. त्या आवाजावर ती गाडी तेसला जाऊन चारदा परत आली असती. पण गोंचिगच्या डोळ्यांसमोर ती खिंड होती, बर्फ होतं, आणि शेजारी गप्प बसलेली बायको. पुन्हा तसं व्हायला नको, एवढंच त्याला समजत होतं. त्यानं गिअरबॉक्स उतरवायला घेतला.

त्या दिवशी त्सेवेलमा भिंतीला धरत धरत कुंपणात आली. डेल अंगावर लोंबत होता. गाडीखालून गोंचिगचे पाय दिसत होते, त्या पायांशी ती जमिनीवर बसली. बराच वेळ बसली. मग म्हणाली,

"म्हाताऱ्या, कधी निघायचं?"

पाना खाली पडला. गोंचिग गाडीखालून सरपटत बाहेर आला, तोंड लालबुंद.

"वेड लागलंय का तुला? ड्रायव्हरची बायको ना तू? असं विचारतात? एवढा जीव घालून गाडी उभी करायची आणि तू अपशकुन कर!"

तो घाबरला होता. राग नव्हता तो, भीती होती, पण बाहेर आली ती रागाच्या तोंडानं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "नाही विचारणार."

आणि खरोखर विचारलं नाही. गाडीच्या तब्येतीचंही नाही.

बेअरिंग शहरातून यायचं होतं. येणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरला सांगितलं, त्यानं चुकीचं आणलं. ते परत गेलं. दुसरं येईपर्यंत डोंगरावरचं गवत पिवळं पडायला लागलं होतं. गोंचिग तिच्या उशाशी बसून चमच्यानं चहा पाजायचा आणि कान ट्रकच्या आवाजाकडे. बेअरिंग आलं. त्यानं गिअरबॉक्स जोडला, गाडी गावाबाहेर पळवून आणली. आवाज नाही. तो धावत गेरमध्ये आला. तोंडापर्यंत आलं होतं, उद्या पहाटे. आयुष्यात पहिल्यांदा तो वेळ सांगणार होता. त्सेवेलमाला झोप लागली होती म्हणून त्यानं उठवलं नाही. सकाळी सांगू म्हणाला.

सकाळी ती उठली नाही.

लामा आला. तरुण, शांत मुलगा, त्सेवेलमाच्या हातची शाळेत जेवलेला. त्यानं तिचं जन्मवर्ष विचारलं, पोथी उघडली, कुणी हात लावायचा, कुणी नाही, कोणत्या वेळी बाहेर काढायचं ते सांगितलं. मग तिला न्यायची दिशा सांगितली. दक्षिण.

गोंचिग म्हणाला, "उत्तर नाही चालणार?"

"तिच्या वर्षाला उत्तर बंद आहे, गोंचिग गुआय," वडीलधाऱ्याला म्हणतात तसं लामा म्हणाला.

"तेस उत्तरेला आहे."

"माहीत आहे मला," लामा म्हणाला. त्याचेही डोळे भरले होते. "पुन्हा बघतो." त्यानं पुन्हा पानं उलटली, उगीचच, आणि मान हलवली.

शिरचिन म्हणाला, माझा ट्रक काढतो. गोंचिग म्हणाला, नाही. तिला मीच नेणार. मागची बाकं काढून नमदा अंथरला आणि तिला आत ठेवलं. लेक दारात उभी होती, लामा तिला हळूच म्हणाला की रडू नका, रडलं की गेलेल्याच्या वाटेत पाणी साचतं. गोंचिगनं ते ऐकलं. पाणी आडवं आलं म्हणजे काय होतं ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! त्यानं दात आवळले आणि गाडीत बसला. लेकीनं रीतीप्रमाणे चाकांवर दूध शिंपडलं.

शिरचिननं पुढून हँडल फिरवलं आणि पहिल्यालाच गाडी चालू झाली. तो गोंचिगशेजारी येऊन बसला.

दक्षिणेची वाट वाईट. दगडांचा नाला, मग वाळूचा चढ, त्यावर मोठमोठ्या गाड्या फसतात. एकोणसत्तर कुठंच फसली नाही. नाला ओलांडला, चढ चढली, गिअर लोण्यासारखे पडत होते. गोंचिगला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की बंद पड. पंप फुटू दे, पाटा तुटू दे, काहीतरी होऊ दे, म्हणजे तिला घेऊन इथंच थोडा वेळ बसता येईल. त्यानं मुद्दाम दगडांवरून घातली. गाडी डुलली आणि पुढे निघाली. अशीच ती उन्हाळा लागताच तेसलाही गेली असती. भर उन्हाळ्यातही गेली असती. न दुरुस्त करता गेली असती.

सगळं उरकलं. मागे वळून बघायचं नसतं, कुणी बघितलं नाही. परतीला, जशी रीत आहे, दुसरी वाट धरली. चढावर शिरचिनच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "काय चालते गाडी, आख!" आणि त्यानं जीभ चावली.

गोंचिगनं गाडी थांबवली. खाली उतरला, पुढे गेला, बॉनेट उचललं आणि आत वाकला.

शिरचिन आतच बसून राहिला. गाडीला काहीही झालेलं नव्हतं हे त्याला माहीत होतं. बॉनेटखाली गोंचिगचे खांदे हलत होते, आणि इंजिन पार गार होईपर्यंत तो तिथून उठला नाही.