बुधवारची हिरवी गाडी

माझे बाबा गाड्या रंगवायचे. पोचे काढायचे, पुट्टी भरायची, घासायचं, रंग मारायचा, या कामात त्यांचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. पण गावाने त्यांना टोपणनाव दिलं ते रंगावरून नाही, संशयावरून. लोक त्यांना 'पुरावा' म्हणत, तेही तोंडावर.

गिऱ्हाईक म्हणजे उद्या आपल्यावर उलटणारा माणूस, असं त्यांचं पक्कं मत होतं. म्हणून गाडी शेडमध्ये आली की आधी फोटो. पुट्टीचे हात झाले की फोटो. गाडी परत जाताना पुन्हा फोटो. बंपरला टेकवलेल्या पाटीवर खडूने त्या दिवसाची तारीख लिहायची आणि पहिल्या फोटोत मालकाने गाडीशेजारी उभं राहायचं. पाटी लिहायचं काम आत्याचं, कारण तिचं अक्षर छापल्यासारखं. बाबांचं अक्षर बाबांनाच लागायचं नाही.

यंदा वाचनालयाने जुन्या गावाचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं आणि ग्रंथपाल बाई आमच्याकडे आल्या. पत्र्याच्या चार पेट्या भरून फोटो निघाले. आमच्या गावाचा इतिहास असा मडगार्डमागे उभा असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. कुठे गाडीच्या टपावरून पाण्याच्या टाकीचं अर्धवट बांधकाम दिसत होतं, कुठे आता बँक आहे तिथली लाकडाची वखार. आणि पुढे सगळी प्रतिष्ठित मंडळी, चोरी करताना पकडल्यासारखी तोंडं करून उभी. आत्या एकेक फोटो पाहून पोट धरून हसत होती. "हे बघ, वकीलसाहेब! आरशावरचा चरा लपवायला कोपर कसं ठेवलंय!"

गुरांच्या डॉक्टरांचा फोटो आला तेव्हा मात्र तिने तो पालथा ठेवला. हिरव्या गाडीशेजारी उभा असलेला तो एकटाच माणूस फोटोत हसत होता. ते हसू पाटी लिहिणारीसाठी होतं. त्यांचं आणि आत्याचं लग्न ठरलेलं होतं.

ते मोडलं कसं, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. एका बुधवारी संध्याकाळी टाकीच्या वळणावर एका गाडीने दूधवाल्याला सायकलसकट उडवलं आणि ती थांबलीच नाही. दूधवाला जन्मभर लंगडला. त्याला दिसलं ते एवढंच की गाडी हिरवी होती. गावात हिरवी गाडी एकच. डॉक्टर म्हणाले, गाडी सोमवारपासून रंगाला दिलीय. बाबा म्हणाले, मंगळवारी घेऊन गेले आणि गुरुवारी दिवा फोडून परत आणली. फोटो मागितला तर म्हणाले, त्या आठवड्यात कॅमेरा बिघडला होता. पुराव्याने सांगितलं म्हटल्यावर गावाने मान डोलावली. वर्षाच्या आत डॉक्टर गाव सोडून गेले. आत्याने पुढे लग्नाचं नाव काढू दिलं नाही.

ग्रंथपाल बाईंना कॅमेराही मांडायचा होता. दुपारी मी त्याची चामड्याची पेटी पुसत होते, तेव्हा तळाच्या अस्तराखाली बोटाला काहीतरी जाड लागलं. आधी शंकेची पाल चुकचुकली, मग मी अस्तर उचकटलं. मीही त्यांचीच मुलगी.

एकच फोटो होता. आमची शेड. हिरवी गाडी, उजव्या दारावर पुट्टीचा पांढरा पट्टा, पुढचे दोन्ही दिवे शाबूत. पाटीवरची तारीख मी तीनदा वाचली. ती त्याच बुधवारची होती आणि ते वेडंवाकडं अक्षर बाबांचं होतं. त्या आठवड्यात आत्या लग्नाच्या कपड्यांसाठी मावशीकडे गेली होती.

गाडी बुधवारी आमच्याच शेडमध्ये होती. मग वळणावर ती चालवत कोण होतं?

बाबा खिडकीशी बसून पायाला तेल चोळत होते. मी फोटो त्यांच्यापुढे धरला. मला वाटलं, काखा वर करतील. त्यांनी चष्मा लावला, फोटो नीट पाहिला आणि म्हणाले, "पुट्टीचे तीन हात दिले होते."

"बाबा, गाडी तुम्ही बाहेर काढलीत का?"

"तुझी आत्या संध्याकाळच्या बसने येणार होती. पिशव्या होत्या जवळ. म्हटलं, होणाऱ्या नवऱ्याच्या गाडीतून आणावी तिला. सगळ्या स्टँडने बघावं." त्यांनी तेलाची वाटी खाली ठेवली. "वळणावर तो एकदम समोर आला. मी घाबरलो. तसाच मागे फिरलो."

"आणि डॉक्टरांचं नाव घेतलंत?"

"मी नाही घेतलं. लोकांनी घेतलं. मी फक्त..."

मला त्यांची दया आली आणि त्या दयेचाच राग आला. "मग हा फोटो जाळला का नाहीत?"

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी भलतं विचारलं होतं. "आणि डॉक्टर म्हणाला असता की एकच हात दिला, तर? काय दाखवलं असतं मी?"

ज्या माणसाचं आयुष्य त्यांनी उद्ध्वस्त केलं, तोच आपल्याला पुट्टीत फसवेल ही भीती त्यांनी एवढी वर्षं जपून ठेवली होती. मी हसले असते, पण आत्या दारात उभी होती. चहाची कपबशी तिच्या हातात तशीच होती आणि तिने सगळं ऐकलं होतं.

तिने कपबशी बाबांपुढे ठेवली. फोटो माझ्या हातातून घेतला, उजेडाकडे धरून पाहिला. मला वाटलं, आता ही रडेल किंवा ओरडेल.

"दादा," ती म्हणाली, "ते आपल्या दारात येऊन शपथा घेत होते, आठवतं? मी त्यांना म्हटलं, माझा भाऊ खोटं बोलणार नाही. आणि दार लावून घेतलं."

बाबांनी चष्मा काढून ठेवला.

"तू तेव्हा कुठे होतास?"

"आत," बाबा म्हणाले. "जेवत होतो."

"हो," आत्या म्हणाली. "मीच वाढलं होतं."