मारियामातेचा मुक्काम

आमच्या गावात मारियामाता एका घरी दोन रात्री राहत नाही. लाकडी पेटीतली तिची मूर्ती आज या घरी, तर उद्या संध्याकाळी शेजारच्या. ज्या घरी ती असेल, तिथं मेणबत्ती लावायची. पूर्वी एका घराची पाळी महिन्यानं यायची. मग पोरं सारागोसा शहरात कामाला गेली, त्यांच्यामागून म्हातारी माणसंही गेली, आणि पेटीची ये-जा दोनच घरांत उरली. एक ओब्दूलियामावशीचं, दुसरं लेओकादियाचं.

नेमकं याच दोघींचं हाडवैर. लेओकादियाच्या नवऱ्यानं एका उन्हाळ्यात मावशीच्या पाळीचं पाटाचं पाणी आपल्या मिरच्यांना फिरवलं होतं. पुढं दोघींचेही नवरे गेले, तरी अबोला सुटला नाही. पण पेटी तर पोचवायलाच हवी, म्हणून दोघी मूर्तीशी बोलायच्या.

"माते, इथं जरा सांभाळून राहा, पाणी चोरतात," मावशी उंबऱ्यात म्हणायची.

"आलीस बाई सुटून! उपाशीच ठेवलं असेल तिनं," लेओकादिया पेटी घेत म्हणायची.

माझा गुत्ता दोघींच्या घरांसमोरच. गिऱ्हाईक नसायचंच, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं.

ऑलिव्हची तोडणी संपली आणि लेओकादियाला तिची मुलगी अचानक आपल्याकडे कायमची घेऊन गेली. संध्याकाळी मावशी पेटी घेऊन गेली, तर दाराला कुलूप. अधूनमधून येणारे पाद्री म्हणाले, आता ठेवा तुमच्याकडेच. मावशीला ते काही पटलं नाही.

तेव्हापासून ती रोज संध्याकाळी पेटी छातीशी धरून निघायची, चर्चला वळसा घालायची आणि येऊन स्वतःच्याच दारावर टकटक करायची. जरा थांबायची, मग आत जायची. एकदा मला राहवलं नाही.

"मावशी, आत कोण आहे दार उघडायला?"

"कुणी नाही. पण ही कायमची माझ्याकडेच राहिली, तर मी वाट कुणाची बघू रे?"

मला फार वाईट वाटलं. लग्न नाहीतर मयत असल्याशिवाय मी चर्चची पायरी चढत नाही, तरी बोलून गेलो, "उद्या माझ्याकडं आण तिला."

तिनं मला खालून वर न्याहाळलं. "मेल्या, तुझ्याकडं मेणबत्ती तरी आहे का?"

नव्हती. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावातून आणली, गुत्ता झाडून घेतला आणि दुपारपासूनच दाराशी खुर्ची टाकून बसलो. कुणीतरी आपल्या घरी येणार म्हणून असं बसायची वेळ माझ्यावर किती वर्षांनी आली होती.